'उतरले' म्हणायचं राहिलं

बसा मित्रांनो, माझ्यावरच बसा. फक्त मधल्या पायरीवर बसू नका, तिची एक फळी हलते. मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. तीन पायऱ्या आणि वर सपाट फळी, एवढाच माझा देह. माणसं एकमेकांना 'ठोकळा' म्हणून चिडवतात तेव्हा मला लागतं, पण लाकडाने रुसून जायचं तरी कुठं? घोड्यावर चढायला ज्यांचे पाय पुरत नाहीत, त्यांच्यासाठी मला केलं होतं. लहान मुलं माझ्यावर चढली, गुडघे दुखणारे आजोबा चढले, आणि पोट सुटलेले काही बडे साहेबही चढले. साहेब मंडळी पाय ठेवण्याआधी इकडेतिकडे बघून घ्यायची, कुणी पाहत तर नाही ना म्हणून.

ज्या सुताराने मला केलं त्याने जन्मात घोडा जवळून पाहिला नव्हता. त्याने अंदाजाने मला इतकं उंच केलं की मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, हा घोड्यासाठी आहे, हत्तीसाठी नव्हे." मग सुताराने माझे पाय कापले. कापताना एक पाय जरा आखूड झाला, आणि तेव्हापासून माझ्या त्या पायाखाली एक चपटा दगड असतो. त्यावरून मास्तर मला लंगडा म्हणायचे, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मास्तर म्हणजे आमच्या घोडेस्वारीच्या शाळेचे मालक आणि शिक्षक. शाळा मोठी नव्हती. एका बाजूला पत्र्याच्या छपराचा तबेला, शेजारी खोगिरांची खोली, मधे वाळूचं रिंगण, आणि रिंगणाच्या दारापाशी मी. मास्तर सकाळी बूट चढवून रिंगणात उभे राहायचे ते शेवटचा घोडा आत जाईपर्यंत. घोडा उभा असताना आपण बसायचं नाही, हा त्यांचा नियम. पाय सुजले, ताप आला, तरी मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही.

त्यांचा दुसरा नियम मुलांसाठी होता, आणि माझी सगळी गोष्ट त्या नियमावरच उभी आहे. मूल माझ्यावरून खोगिरात बसलं, दोन्ही पाय रिकिबीच्या कड्यांत गेले, की त्याने मोठ्याने म्हणायचं, "बसलो!" मुलगी असेल तर, "बसले!" ते ऐकल्याशिवाय घोड्याने पाऊल उचलायचं नाही. आणि रपेट संपून मूल पुन्हा माझ्यावर उतरलं की घोड्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचं, "उतरलो," "उतरले." तो शब्द ऐकल्याशिवाय घोड्याचं काम संपलं नाही. एखादं मूल न बोलता पळालं, तर मास्तर अख्ख्या रिंगणाला ऐकू जाईल असं ओरडायचे, "अरे, त्याला सांगून जा! त्याला कसं कळणार तू गेलास ते?"

हा नियम कुणी मनापासून पाळला असेल तर आत्याबाईने. आत्याबाई आमची घोडी. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. कुणीही नवीन माणूस आला की ती मान उंच करून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि मग नाक फुरफुरवायची. मास्तरांच्या बायकोने ते पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर अगदी आमच्या आत्याबाईच!" ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

आत्याबाई माझ्या शेजारी येऊन अशी सरळ उभी राहायची की तिच्या आणि माझ्यामधून वाराही जाऊ नये. "बसले" ऐकलं की निघायची. मग पाठीवर मूल असेपर्यंत ती गवताला तोंड लावायची नाही की माशीसाठी अंग झटकायची नाही. आणि "उतरले" ऐकलं, खोगीर निघालं, की मात्र बाईसाहेबांचा नूर पालटायचा. तडक रिंगणाच्या कोपऱ्यात जाऊन ती वाळूत आडवी व्हायची आणि चारही पाय वर करून मनसोक्त लोळायची. मुलं टाळ्या पिटायची. मी ते रोज पाहायचो आणि रोज मला हसू यायचं.

मास्तरांना एकच मुलगी. चालायला लागल्यापासून ती आत्याबाईच्या पाठीवर. "टाच खाली! नजर वर!" असं मास्तर तिला दिवसभर ओरडत, म्हणून सगळे तिला टाचू म्हणायला लागले. तिचं पाऊल मी झोपेतही ओळखलं असतं. उजवा पाय आधी, मग एक छोटीशी उडी, आणि मग तो खणखणीत आवाज, "बसले!" तिला मोठी स्वार व्हायचं होतं, स्पर्धा जिंकायच्या होत्या. मास्तर तोंडावर कौतुक करत नसत. ती वळली की मात्र त्यांचा चेहरा फुलून यायचा.

आणि मग एका स्पर्धेत दुसऱ्याच एका घोड्यावरून ती पडली. कंबरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी साफ सांगितलं, आता पुन्हा घोड्यावर बसायचं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस टाचू रिंगणाकडे फिरकली नाही. आत्याबाई रोज माझ्याशेजारी येऊन तिच्या वाटेकडे कान लावायची. मला तिची कीव यायची, पण मी काय बोलणार?

एके दिवशी मास्तर तिला हाताला धरून घेऊन आले आणि माझ्यावर बसवलं. त्यांच्या हातात कॉलेजचं माहितीपत्रक होतं. घोड्यांच्या धंद्याचं व्यवस्थापन शिकवणारा अभ्यासक्रम.

"बसता येत नाही ना? मग सांभाळायला शीक," ते म्हणाले. "मला घोडे कळतात गं, पण माणसं कळत नाहीत. एकाच वेळेला दोघांना बोलावतो, फोन करायचं विसरतो, लोक रागावून जातात. माझ्यानंतर हे कोण बघणार? माझ्या डोळ्यादेखत ही शाळा बंद पडली तर मी काय करू?"

टाचू उठली. तिने आत्याबाईच्या मानेत तोंड खुपसलं आणि पोटभर रडली. महिनाभरात ती कॉलेजला गेली.

सुट्टीत घरी आली की तिचा अभ्यास माझ्यावर बसूनच चाले. तिची ती जाडजाड पुस्तकं माझ्या वरच्या फळीवर असत. चाऱ्याची खरेदी कशी करायची, घोड्यांचा विमा कसा उतरवायचा, स्पर्धा कशा भरवायच्या, नोकरीला माणसं कशी नेमायची, आईबापांच्या तक्रारी कशा ऐकायच्या. ती मोठ्याने वाचायची, म्हणून मलाही थोडंफार व्यवस्थापन येतं, हसू नका! आत्याबाई तिच्या खांद्यावरून मान घालून पानं हुंगायची, आणि एकदा तर तिने विम्याच्या धड्याचा कोपरा खाऊन टाकला.

मास्तर लांबून विचारायचे, "काय गं, घोड्याशी बोलायचं कसं, ते कुठल्या धड्यात आहे?"

"ते शिकवलंय की तुम्ही," ती म्हणायची. "म्हणून तर बाकीचं शिकायला गेले."

मास्तर रिंगणाकडे वळायचे, आणि उरलेला दिवस कुणावरही ओरडायचे नाहीत. ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. मला वाटायचं, आता सगळं नीट होणार.

टाचू शिकून परत आली आणि खरंच कामाला लागली. वेळापत्रक बसवलं, तुटलेलं कुंपण दुरुस्त करून घेतलं, रुसून गेलेल्या आईबापांना स्वतः जाऊन भेटली. तरी एकटीच्या जोरावर शाळा टिकणार नाही, हे तिला कळलं होतं. मग तिने एका मोठ्या घोडेस्वारी क्लबशी बोलणी केली. क्लब शाळेला आपली शाखा करून घेणार होता. शाळेचं नाव राहणार, माणसांच्या नोकऱ्या राहणार, घोडे राहणार, आणि टाचू व्यवस्थापक होणार. मास्तरांनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण घोडं पेंड खातं ते नेमकं अशाच ठिकाणी. क्लबची एक अट होती. तबेल्यात फक्त कामाचे घोडे हवेत. बसून खाणारे नकोत.

आमच्याकडे बसून खाणारं एकच होतं. आत्याबाई तोवर म्हातारी झाली होती. तिचे दात झिजले होते, पाठ खोलगट झाली होती आणि मुलांना तिच्यावर बसवणं बंद केलेलं होतं. तरी सवयीने ती सकाळी माझ्याशेजारी येऊन उभी राहायची. मास्तर तिच्या पाठीवर थाप मारून स्वतःच "उतरलो" म्हणायचे, आणि मग ती वाळूत जाऊन लोळायची.

टाचूने क्लबवाल्यांना पुष्कळ विनवलं. ते ऐकेनात. एका घोडीपायी बाकीचे सगळे घोडे आणि माणसं उघड्यावर पडणार होती. ती मास्तरांकडे गेली. मास्तर बराच वेळ आत्याबाईची आयाळ विंचरत राहिले आणि म्हणाले, "तू शिकलीस. तू ठरव." एवढं बोलून ते निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी या विषयावर तोंड उघडलं नाही.

टाचूला बोल लावायची घाई करू नका. तिने आत्याबाईला कुणाच्याही गळ्यात बांधलं नाही. म्हाताऱ्या घोड्यांना सांभाळणारी एक बाई दूर कुरणावर राहायची. टाचू स्वतः तिथं जाऊन आली. गवत पाहिलं, पाणी पाहिलं, छप्पर पाहिलं. माझ्यावर बसून तिने आत्याबाईला सगळं सांगितलं, "तिथं मोठं मैदान आहे गं. दिवसभर चरायचं आणि लोळायचं. काही काम नाही." आणि आत्याबाई तिच्या खिशात गाजर आहे का ते शोधत होती.

ट्रक आला त्या सकाळी मास्तर रिंगणाच्या पलीकडच्या टोकाला पाठ करून उभे राहिले. टाचूने ट्रकवाल्याला सगळं समजावून सांगितलं. चारा भिजवून द्यायचा, दात झिजलेत. डाव्या मागच्या खुराकडे लक्ष ठेवायचं. थंडीत पाठीवर घोंगडं घालायचं. ट्रकवाल्याने मान डोलावली आणि दोर हातात घेतला.

आत्याबाई ट्रकच्या फळीपर्यंत गेली, थांबली, आणि वळून थेट माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. ट्रकवाल्याने ओढलं, चुचकारलं, गाजर दाखवलं. ढिम्म! ती चारही पाय रोवून उभी. तिच्या लेखी निघायची एक रीत होती, आणि ती रीत कुणी पाळत नव्हतं. शेवटी ट्रकवाला वैतागून म्हणाला, "ताई, आता पट्ट्याचे दोन फटके द्यावे लागतील."

"नाही! हात लावायचा नाही तिला," टाचू ओरडली.

मग ती माझ्यावर चढली. पडल्यापासून ती माझ्यावर बसायची, पण चढली नव्हती. उजवा पाय आधी. उडी मात्र नाही, कंबरेवर हात दाबून एकेक पायरी. वर येऊन तिने दोन्ही तळहात आत्याबाईच्या पाठीवर ठेवले, छातीचा सगळा भार दिला, आणि म्हणाली,

"बसले."

तिचा आवाज फुटला होता, पण आत्याबाईला तो पुरला. तिने पाऊल उचललं. एक कान मागे वळवला, पाठीवर कुणी आहे की नाही याचा अंदाज घेतल्यासारखा. मग ती सरळ चालत गेली आणि फळीवरून ट्रकमध्ये चढली. तिच्या सबंध आयुष्यात तो शब्द तिच्याशी कुणी खोटा बोललं नव्हतं. रिंगणाच्या टोकाला मास्तर गर्रकन वळले. त्यांनी तो शब्द ऐकला होता. पण ते काही बोलले नाहीत, आणि ट्रक गेला.

त्यानंतर शाळा चांगली चालली. क्लबच्या शिक्षकांनी रिंगण ताब्यात घेतलं. मास्तरांना आराम करा म्हणाले. मुलांसाठी प्लॅस्टिकच्या हलक्या, चकचकीत पायऱ्या आल्या आणि मला ओढून खोगिरांच्या खोलीमागे टाकलं. माझ्यावर तुटके लगाम आणि रिकामी पोती पडायची. 'बसले' आणि 'उतरले'ही हळूहळू बंद झालं, कारण नव्या घोड्यांना ते माहीत नव्हतं. टाचू मात्र दुपारी एकटीच माझ्याकडे यायची, पोती बाजूला सारून बसायची. अशीच बसलेली असताना तिला फोन आला.

कुरणवाली बाई होती. "ताई, तुमच्या घोडीचं काही समजत नाही हो. हौदाच्या कडेला अगदी चिकटून उभी राहते, तासन् तास. चारा तोंडाशी धरला तरच खाते. आडवी म्हणून होत नाही. उभ्या उभ्या डुलक्या घेते, गुडघे मोडतात, पडता पडता सावरते. डॉक्टर म्हणतात पाय ठीक आहेत, पण झोपच नाही म्हणून खंगत चाललीये."

"लोळते का ती?" टाचूने विचारलं.

"छे! बाकीच्या म्हाताऱ्या धुळीत लोळतात, ही नुसती बघत राहते."

टाचू उठली, पुन्हा बसली.  मग ती तशीच मास्तरांकडे धावली. मास्तर रोजच्यासारखे बूट घालून कुंपणाबाहेर उभे होते, दुसऱ्यांचा वर्ग पाहत.

"बाबा," ती म्हणाली, "तिला वाटतंय मी अजून पाठीवर आहे. मी बसले म्हटलं, आणि उतरले म्हणायचं राहिलं. दात सांगितले, खूर सांगितलं, आणि हेच कुणाला सांगितलं नाही!"

 "मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "तुझ्यावर राग होता म्हणून मूग गिळून बसलो. वाटलं, शिकलीये ना, कळू दे तिचं तिला. त्या मुक्या जिवाचा विचारच केला नाही मी." मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "तो लंगडा ठोकळा घे बरोबर. त्याच्यावरूनच सांगावं लागेल."

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा टेम्पोची सवारी केली.

आत्याबाई हौदापाशी उभी होती. मी तिला ओळखलंच नाही. बरगड्या दिसत होत्या आणि गुडघ्यांवर पडून पडून जखमा झाल्या होत्या. मला गवतावर ठेवलं, आखूड पायाखाली मास्तरांनी दगड सरकवला. तिने मान उचलली. मला पाहिलं. मग एकेक पाय ओढत आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. सरळ. मधून वाराही जाऊ नये अशी. मला त्या क्षणी तोंड असतं तर मी ओरडून रडलो असतो.

टाचू चढली. तिने पाठीवर हात ठेवले, गाल टेकवला, आणि हळूहळू सगळा भार काढून घेतला. "उतरले," ती म्हणाली. "उतरले गं आत्याबाई. चुकलं माझं. उतरले."

आत्याबाईचा कान मागे वळला. तिने इतका लांब श्वास सोडला की मी जवळ होतो म्हणून सांगतो, तो संपेचना. मग ती धुळीच्या जागेपर्यंत गेली, गुडघे टेकले आणि आडवी झाली. लोळायचं म्हणून तिने पाय वर केले, पण तेवढी ताकद उरली नव्हती. अर्धवट वळून ती तशीच पडून राहिली आणि लगेच झोपली. झोपेत तिचे पाय हलत होते, शिंगरू धावतं तसे.

तेव्हा मास्तर माझ्या मधल्या पायरीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसले. ती फळी तेव्हापासून हलते, आणि मी ती कुणाला दुरुस्त करू देणार नाही, म्हणजे माझं चाललं तर.

आत्याबाई उठली नाही. संध्याकाळी झोपेतच तिचा श्वास थांबला. कुरणवाली बाई म्हणाली, "जरा आधी आला असतात तर..." आणि टाचूचा चेहरा पाहून छपराकडे निघून गेली. टाचू तिच्या मानेशी बसून राहिली. मास्तर तिच्या डोक्यावर हात ठेवून होते. दोघांनी एकमेकांना एका शब्दाने दोष दिला नाही, पण त्यामुळे काही हलकं झालं असं मला वाटलं नाही.

मला त्यांनी परत नेलं नाही. टाचू म्हणाली, याला इथंच राहू दे. तेव्हापासून मी कुरणाच्या या कुंपणाशी आहे. म्हातारे घोडे माझ्या कोपऱ्यांवर माना घासतात. टाचू अजून शाळा चालवते, आणि चांगली चालवते. तिच्या रिंगणात आता पुन्हा प्रत्येक मूल उतरताना घोड्याच्या पाठीवर हात ठेवून बोलतं. नवे घोडे काही समजत नाहीत, नुसते बघत राहतात. तरी ती म्हणायलाच लावते. कधीमधी ती इथं येते. माझ्यावर बसत नाही. वरच्या फळीवर हात ठेवून उभी राहते आणि जाते.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला मोठं काही सांगता येत नाही. तुम्हीही कुणाच्या तरी पाठीवर बसून मोठे होत असाल. ती एखादी आई असेल, आजोबा असतील, किंवा एखादं मुकं जनावर असेल. एक दिवस तुम्ही उतरणार, उतरायलाच हवं. पण उतरलात की पाठीवर हात ठेवा आणि तोंडाने सांगा. नाहीतर ते बिचारं तुम्हाला वाहत उभंच राहतं, आणि त्याला आडवं व्हायचंही सुचत नाही.

आता ऊन कलंडलं, तुम्ही निघाल. उठताना तो शब्द मलाही सांगून जा, म्हणजे झालं.